एकाच मुलाचे चार बुद्ध्यंक

देवगड तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. मुलगा नऊ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत चौथीत. घरी बोली मालवणी. आंब्याच्या दिवसांत पाच डझनी पेट्यांचा हिशेब तोंडी करतो, पण वही घेऊन बसला की तासाभरात अर्धं पान, त्यातही काना-वेलांट्या सुटलेल्या. "हुशार आहे, पण लिहीत नाही," असं शाळेतल्या बाईंनी दोनदा बोलावून सांगितलं आणि चाचण्यांचं चक्र सुरू झालं. गेल्या जुलैत शाळेतल्या शिबिरात बिने-कामत चाचणी झाली, बुद्ध्यंक १२४. दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला मिसिक नावाची चाचणी, ११०. मे महिन्यात काकांकडे मुंबईला गेले असताना विस्क-४ नावाची तिसरी चाचणी, तिथे ९३. मध्येच चुलत भावाने मोबाइलवर एक चाचणी सोडवून घेतली, तिने १४१ दाखवले. वडिलांच्या मते मुंबईचा आकडा खरा, कारण चाचणी महागडी आणि नवी. आजोबांचं म्हणणं, "झिलाक कायएक झाला नाय, सोडा त्येका." पुण्याला आणखी एका चाचणीची वेळ घेऊन ठेवली आहे. आईचे प्रश्न असे : दहा महिन्यांत मुलगा ३१ गुणांनी खाली कसा आला? यातला खरा आकडा कुठला? आणि ९३ खरा असेल तर शिष्यवृत्तीचा क्लास बंद करून त्याला काकांकडे इंग्रजी माध्यमात घालावं का?

प्रिय ताई,

आधी धास्तीचं बोलू. तुमचा मुलगा ३१ गुणांनी खाली आलेला नाही. वर-खाली म्हणायचं तर माप एकच लागतं, आणि तुमच्याकडे दरवेळी माप वेगळं आहे. पत्रासोबत तिन्ही अहवालांच्या प्रती पाठवल्यात हे फार चांगलं केलंत. बहुतेक पालक फक्त शेवटचा ठळक आकडा कळवतात आणि मग सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

"खरा कुठला?" या प्रश्नामागे एक समजूत आहे. मुलाच्या डोक्यात एक ठरलेला आकडा आहे, चांगल्या चाचणीला तो सापडतो आणि साध्या चाचणीला सापडत नाही, अशी. उंचीचं तसं असतं, बुद्ध्यंकाचं तसं नसतं. त्या दिवशी, त्या प्रश्नांना, त्या भाषेत मुलाने जी उत्तरं दिली, ती त्याच वयाच्या ठरावीक मुलांच्या उत्तरांशी ताडून पाहायची. त्या मुलांमध्ये तो कुठे उभा राहतो, त्या जागेला बुद्ध्यंक म्हणतात. प्रश्न बदलले, भाषा बदलली, ज्यांच्याशी ताडायचं ती मुलं बदलली, की जागाही बदलते. आता एकेक कागद हातात घेऊ.

शिबिरातला १२४. बिने आणि सिमोन यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली. त्याच घराण्यातली चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० चं आहे. इथे रीत जुनी आहे. मूल कितव्या वर्षाच्या पातळीपर्यंतचे प्रश्न सोडवतं त्यावरून 'मानसिक वय' काढतात, त्याला खऱ्या वयाने भागतात आणि शंभराने गुणतात. तुमच्या अहवालात मानसिक वय १० वर्षे २ महिने लिहिलं आहे, म्हणजे १२२ महिने. त्या दिवशी मुलाचं वय होतं ८ वर्षे २ महिने, म्हणजे ९८ महिने. १२२ ला ९८ ने भागून शंभराने गुणलं की १२४ येतात. भागाकार चुकलेला नाही.

पण हा भागाकार किती नाजूक आहे बघा. या वयाच्या पातळीवर एका बरोबर उत्तराला दोन महिने मिळतात, आणि ९८ महिन्यांच्या मुलाच्या बाबतीत दोन महिने म्हणजे दोन गुण. गडबडीत पाच उत्तरं "चालेल" म्हणून बरोबर धरली गेली की दहा गुण वाढले. जन्मतारखेचंही तेच. शाळेच्या दाखल्यावरची तारीख वेगळी आणि खरी वेगळी, हे आपल्याकडे अजूनही घरोघरी सापडतं. मुलाचं खरं वय सहा महिन्यांनी जास्त असतं तर याच उत्तरांवर १२४ च्या जागी ११७ आले असते. शिबिरात कुठली तारीख लिहून घेतली ते एकदा तपासा.

तुम्ही लिहिलं आहे की शिबिरात तुमच्या मुलाला वीसेक मिनिटं लागली आणि दुपारपर्यंत सगळे वर्ग उरकले. ही चाचणी एकेका मुलाला समोर बसवून घ्यायची असते आणि नीट घेतली तर पाऊण तास ते तासभर जातो. वीस मिनिटांत होते ती तिची कापलेली आवृत्ती. मूल सरळ मतिमंद वर्गात मोडतं की नाही एवढा ढोबळ अंदाज घ्यायला ती ठीक आहे, पण १२४ की ११४ हे सांगायची तिची ऐपत नाही.

या भागाकाराच्या रीतीत आणखी एक अडचण आहे आणि ती जगभर लक्षात आली होती. मानसिक वय वयाबरोबर सारख्या गतीने वाढत नाही, त्यामुळे एकच आकडा वेगवेगळ्या वयात वेगळं सांगतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड-बिनेच्या १९३७ च्या आवृत्तीत सहाव्या वर्षी मुलांचे गुण सरासरीभोवती साधारण १२-१३ ने पसरलेले होते, तर बाराव्या वर्षी २० ने. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाचे १२५ आणि बारा वर्षांच्या मुलाचे १२५ यांत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून पुढच्या चाचण्यांनी भागाकार सोडला. प्रत्येक वयोगटाची सरासरी १०० धरायची, गुणांचा पसारा म्हणजे प्रमाण विचलन १५ धरायचं आणि मूल सरासरीपासून किती लांब आहे ते सांगायचं, अशी रीत आली. मिसिक आणि विस्क दोन्ही या रीतीच्या. त्यामुळे शिबिरातला १२४ आणि कोल्हापूरचा ११० या आकड्यांना नाव एकच असलं तरी ते एका हिशेबातले नाहीत.

मग मोबाइलवरचा १४१? तो विसरून जा. पण विसरण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढे कुणी असा आकडा सांगितला तर दडपण येणार नाही. प्रमाण विचलन सगळ्या चाचण्यांत १५ नसतं. स्टॅनफर्ड-बिनेच्या जुन्या आवृत्तींत ते १६ होतं, कॅटेलच्या चाचणीत २४ आहे. शंभरातल्या वरच्या दोघांत बसणाऱ्या मुलाला १५ च्या मापाने सुमारे १३०, १६ च्या मापाने १३२ आणि २४ च्या मापाने १४८ मिळतात. मूल तेच, कामगिरी तीच. फुकटच्या मोबाइल चाचण्या माप सांगत नाहीत, तुलना कुणाशी केली ते सांगत नाहीत, आणि मोठा आकडा दाखवला की लोक तो पुढे पाठवतात, हे त्या बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. कुठलाही बुद्ध्यंक ऐकला की त्याच्या शेजारी शतमक विचारा, ज्याला सगळे पर्सेंटाइल म्हणतात. १०० पैकी किती मुलं याच्या मागे आहेत, एवढंच ते सांगतं, आणि माप कुठलंही असलं तरी त्याचा अर्थ बदलत नाही.

कोल्हापूरची मिसिक ही मलिन यांनी नागपूरला १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठी बेतलेली चाचणी. मूळ वेक्स्लर यांची १९४९ ची विस्क. हिच्यात सहा शाब्दिक आणि पाच कृतीच्या उपचाचण्या असतात. तुमच्या मुलाला शाब्दिकमध्ये १०१, कृतीमध्ये ११९ आणि दोन्हींची सरासरी ११०. चाचणी मराठीतून झाली, सव्वा तास चालली, निरीक्षणंही लिहिली आहेत. तुमच्याकडचा सगळ्यात नीट लिहिलेला कागद हाच. त्याची मर्यादा एवढीच की ज्यांच्याशी तुलना होते ती मुलं साठ-सत्तरच्या दशकातली आहेत. पिढ्यांगणिक मुलं अशा चाचण्यांत अधिक गुण मिळवत गेली. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतली जुनी आकडेवारी तपासून हा वेग दर दहा वर्षांना सुमारे तीन गुण असल्याचं दाखवलं. म्हणून जुन्या प्रमाणकांवर, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या जुन्या मुलांच्या गुणांवर, आजच्या मुलाचा आकडा फुगतो. मात्र अमेरिकेचा वेग उचलून कोकणातल्या मुलाच्या गुणांतून वजाबाकी करत बसू नका. फुगवट्याची दिशा माहीत असणं पुरेसं आहे : बिने-कामत सगळ्यात जुनी, मिसिक मधली, विस्क-४ नवी. तुमचे आकडेही याच क्रमाने उतरले आहेत. मुलगा मंद होत गेला म्हणून हे झालेलं नाही, माप कडक होत गेलं हे त्यातलं एक कारण आहे.

फक्त एक कारण. मुंबईचा ९३ नीट बघायला हवा, कारण तुमचे निर्णय त्याच्यावर टेकलेले आहेत.

विस्क-४ म्हणजे त्याच विस्कची चौथी आवृत्ती. तिच्यात दहा मुख्य उपचाचण्या आणि चार निर्देशांक, म्हणजे चार गटांचे वेगवेगळे आकडे असतात. तुमच्या अहवालात शाब्दिक आकलन ८८, दृश्य तर्क ११२, कार्यकारी स्मृती (ऐकलेलं मनात धरून त्यावर काम करणं) ९१, प्रक्रियेचा वेग ८५. वरच्या आणि खालच्या निर्देशांकांत २७ गुणांचं अंतर आहे. अंतर दीड प्रमाण विचलनाहून, म्हणजे २३ गुणांहून जास्त झालं की सगळ्यांचा मिळून एक आकडा काढला तरी तो मुलाचं वर्णन करत नाही, असं जाणकार मानतात आणि अहवालात तसं लिहितात. तुमच्या अहवालात ते वाक्य नाही. असायला हवं होतं.

आता हे चार भाग असे का आले? चाचणी इंग्रजीतून झाली, "मध्ये मध्ये हिंदीत समजावलं" असं तुम्ही लिहिता. मुलगा घरी मालवणी बोलतो, शाळेत मराठी शिकतो. त्याचं इंग्रजी शब्दभांडार मोजून ८८ आले तर ते इंग्रजीच्या पाठाचे गुण झाले. मध्येच हिंदीत सांगणं तर आणखी वाईट, कारण प्रमाणकं ठरलेल्या शब्दांत विचारलेल्या प्रश्नांची असतात. आपल्या मनाने भाषांतर केलं की तुलनेचा पायाच सुटतो.

भाषेचा फटका मराठीतल्या चाचणीतही बसतो. खऱ्या चाचणीतले प्रश्न इथे छापत नाही, ते फुटले की चाचणी निकामी होते. आम्ही बनवलेला एक नमुना घ्या. "आंबा आणि फणस यांत सारखं काय?" अशा प्रश्नांना शून्य, एक किंवा दोन गुण असतात. "दोनय फळां" म्हणणाऱ्याला दोन, कारण त्याने वर्ग सांगितला. "दोनय झाडार धरतत" म्हणणाऱ्याला एक. आणि बागेत वाढलेला मुलगा उत्साहाने "आंबो कापून खातत, फणस फोडूचो लागता, गरे काढूक हाताक तेल लावचा लागता" असं सांगू लागला तर शून्य, कारण त्याने फरक सांगितला. त्याला दोन्ही फळांबद्दल शहरातल्या मुलापेक्षा चौपट माहिती आहे, पण प्रश्नाला कुठल्या तऱ्हेचं उत्तर हवंय हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. अनुभवी परीक्षक, नियमात बसतं तिथे, "आणखी सांग" म्हणून उत्तर खुलवतो. मालवणी कानावर न पडलेला परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

स्मृतीच्या भागातली एक उपचाचणी आकडे आणि अक्षरं ऐकून क्रमाने लावायची आहे. इंग्रजीत घेतली तर मुलाला इंग्रजी मुळाक्षरांचा क्रम मनात फिरवावा लागतो. पहिलीपासून ए-बी-सी घोकलेल्या मुलाला तो आपोआप येतो, तुमच्या मुलाला आठवावा लागतो, आणि तेवढ्यात ऐकलेले आकडे निसटतात. शिवाय आकडे सेकंदाला एक या गतीने एकदाच वाचायचे असतात. ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा वाचत नाहीत.

वेगाचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे चिन्हं पेन्सिलने भराभर उतरवायची असतात, एका उपचाचणीला १२० सेकंद. आधीच सावकाश लिहिणारा, खोडून पुन्हा काढणारा मुलगा इथे मागे पडणारच. विस्क-४ मध्ये दहापैकी चार उपचाचण्या स्मृतीच्या आणि वेगाच्या. मिसिकमध्ये अकरांपैकी दोनच. म्हणजे ज्या गोष्टीत तुमचा मुलगा अडतो, तिचं वजन मुंबईच्या चाचणीत दुपटीहून जास्त होतं. ११० आणि ९३ यांतल्या दरीचा काही भाग इथून येतो.

त्यात आदल्या रात्री तुतारी एक्स्प्रेसने निघून पहाटे दादरला उतरलात आणि दहा वाजता तो चाचणीला बसला. अपुऱ्या झोपेचा परिणाम वेग आणि स्मृती यांवरही होतो.

आता तिन्ही कागद शेजारी ठेवा. मिसिकमध्ये कृतीचे ११९, विस्कमध्ये दृश्य तर्काचे ११२. हे दोन आकडे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. ठोकळे आणि चित्रं यांच्या कामांत तो दोन्ही वेळा सरासरीच्या बराच वर होता. मराठीत विचारलं तर भाषा सरासरीची, इंग्रजीत विचारलं तर खाली. हातात पेन्सिल आली की संथ. दोन वेगळ्या शहरांत, दोन वेगळ्या परीक्षकांनी हेच टिपलं आहे, आणि शाळेतल्या बाईंनी कुठल्याही चाचणीशिवाय तेच सांगितलं होतं. अहवाल जिथे एकमेकांना दुजोरा देतात तिथे बोट ठेवायचं सोडून जिथे ते फारकत घेतात त्या एका आकड्यावर घरात वाद चालला आहे.

समजा भाषा, प्रवास, जुनी प्रमाणकं यांतलं काहीच आडवं आलं नसतं, तरीही आकडे तंतोतंत जुळले नसते. चांगल्यात चांगल्या चाचणीचा एकूण आकडा पाच गुण इकडे-तिकडे धरून वाचायचा असतो. ९३ म्हणजे ८८ ते ९८, अशा पट्ट्यात. दोन वेगवेगळ्या चाचण्यांचा परस्परसंबंध (१ म्हणजे तंतोतंत जुळणी) ०.८ धरला, जो चांगला समजतात, तर साधा हिशेब सांगतो की दर तीन मुलांपैकी एकाच्या दोन आकड्यांत नऊ-दहा गुणांहून जास्त फरक पडेल आणि नवांपैकी एकाच्या आकड्यांत १५ हून जास्त. यात कुणाची चूक असावी लागत नाही. आणि जी मुलं पहिल्या चाचणीत खूप वर जातात, त्यांचा दुसरा आकडा सरासरीकडे थोडा सरकतो, कारण पहिल्या वेळी नशिबाचे जे दोन-चार गुण मिळाले ते दुसऱ्यांदा मिळतीलच असं नाही.

म्हणून पुण्याची वेळ रद्द करा, ताई. आणखी एक आकडा येईल आणि घरात आणखी एक पक्ष तयार होईल, एवढंच. शिवाय ठोकळ्यांसारख्या उपचाचण्या मुलाने वर्षभरात दोनदा केल्या आहेत. सरावाने असे गुण वाढतात, त्यामुळे पुण्याचा आकडा वाचणंही कठीण होईल. एकाच धर्तीच्या चाचणीत निदान वर्षभराचं अंतर असावं, आणि तेव्हाही एखाद्या निर्णयाला खरोखर गरज असेल तरच. आणि आधीच्या चाचण्या नव्या परीक्षकापासून कधीही लपवू नका. "बघू तरी हे काय सांगतात" म्हणून बरेच पालक गप्प राहतात आणि त्यात नुकसान मुलाचंच होतं.

तुमचा खरा प्रश्न मुळात लिहिण्याचा होता. बाईंनी बुद्ध्यंक विचारला नव्हता, मुलगा लिहीत का नाही हे विचारलं होतं. त्याचं उत्तर कुठल्याच चाचणीने दिलेलं नाही, कारण कुणी ते तपासलंच नाही.

ते तपासायला आधी डोळे आणि कान. पावसाळ्यात सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेली मुलं निम्मं ऐकतात आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांना लिहिण्याची अडचण स्पष्ट सांगा. नाहीतर सरळ ओरोसला जिल्हा रुग्णालयात नेत्रतपासणी आणि श्रवणतपासणी करून घ्या. चष्मा लागला आणि अर्धी अडचण मिटली, असं होऊ शकतं.

मग घरच्या घरी, वेगवेगळ्या दिवशी, तीन नमुने गोळा करा. मराठीच्या पुस्तकातल्या दहा ओळी बघून उतरवायच्या. तशाच दहा ओळी तुम्ही सांगायच्या आणि त्याने लिहायच्या. आणि दहा ओळी मनाने, समजा आंबे उतरवण्याबद्दल. प्रत्येकाला किती मिनिटं लागली ते कागदावर लिहा, तारीख टाका, चुका सुधारू नका, आणि मधेच "नीट काढ" म्हणू नका. बघून उतरवतानाच रखडत असेल तर हाताची पकड, डोळा-हात जुळवणी किंवा नजर यांकडे बघायचं. बघून नीट लिहितो, पण सांगितलेलं लिहिताना काना-वेलांट्या, जोडाक्षरं सुटतात, तर आवाज आणि अक्षर यांची सांगड पक्की झालेली नाही. दोन्ही जमतं, पण मनाने लिहिताना दोन ओळींत आटपतं, तर मनातलं मालवणी वाक्य प्रमाण मराठीत आणण्यात तो अडतोय, आणि त्यावर आधी तोंडी सांगून मग लिहायचा सराव चालतो. शेजारी पेट्यांच्या हिशेबाची पाच उदाहरणं तोंडी आणि तशीच पाच लेखी घ्या. दोन्हींतला फरक शिक्षकांना आणि तज्ज्ञांना दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगेल.

हे कागद घेऊन तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष तज्ज्ञांना भेटा. त्यांचं कामच हे आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. त्यांनाही शंका वाटली तर वाचन-लेखन-गणिताची अध्ययन अक्षमतेची तपासणी मराठीतून करून घ्या. आठ वर्षं पूर्ण झाल्यावर ही तपासणी अर्थपूर्ण होते, तुमचा मुलगा त्या वयात आहे. बुद्धी सरासरी किंवा वर आणि लेखन मात्र फार मागे, हा ज्या तफावतीचा नमुना असतो, तोच तुमच्या अहवालांत डोकावतो आहे. निदान मी इथून करत नाही, करूही नये. पण अध्ययन अक्षमता निष्पन्न झाली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती समाविष्ट आहे, आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींचा रस्ता सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रातून जातो. तिथे मिसिकचा पूर्ण अहवाल उपयोगी पडेल, तो जपून ठेवा.

मुंबईच्या केंद्राला फोन करून दहाही उपचाचण्यांचे गुण, आकड्यांचे पट्टे आणि चाचणीची भाषा लेखी मागा. सोबत परीक्षकांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक. हे मागण्यात संकोच नको, तो तुमचा हक्क आहे. शाब्दिक आकलन आणि दृश्य तर्क एवढ्यांवरून 'सामान्य क्षमता निर्देशांक' काढता येतो, तोही विचारा. तुमच्या आकड्यांवरून तो ९३ च्या वर, शंभराच्या आसपास येईल, आणि त्यातही इंग्रजीचा फटका धरलेला असेल.

शिष्यवृत्तीचा क्लास ९३ मुळे बंद करू नका आणि १२४ मुळे चालूही ठेवू नका. त्या परीक्षेतल्या ५० प्रश्नांच्या, १०० गुणांच्या 'बुद्धिमत्ता चाचणी'चं नाव तेवढं सारखं आहे, तो सरावाने येणारा विषय आहे. मालिका, कूटभाषा, आकृत्या यांत मुलाला रस असेल तर तिथे त्याचं पारडं जड आहे, शिवाय पर्याय गोल करायचे असल्याने लिहिणं फारसं आड येत नाही. रस नसेल, संध्याकाळी रडत जात असेल, तर तेवढं कारण क्लास सोडायला पुरे.

आणि मुंबई. वडिलांना सांगा, ज्या मुलाला इंग्रजीत विचारलं की भाषेचे गुण १०१ वरून ८८ होतात, त्याला आठवड्याचे सहा दिवस, सगळे विषय, इंग्रजीत विचारण्याचा हा बेत आहे, आणि तोही आई-वडिलांपासून दूर. लिहिण्याची अडचण तशीच राहील आणि तिच्यावर परक्या लिपीचा आणि स्पेलिंगचा थर चढेल. वेगळ्या कारणांनी कधी मुंबईला जावं लागलं तर तो वेगळा विचार. या आकड्यावरून मात्र नाही.

या निमित्ताने दुसऱ्या टोकाच्या पालकांसाठीही लिहितो, कारण त्यांची पत्रं येतात आणि त्यांचं दुखणं जास्त खोल आहे. एका चाचणीत ६८, दुसऱ्यात ७४, आणि प्रमाणपत्र मिळणार की नाही हे ७० च्या रेघेवर लटकलेलं. तिथेही पाच गुणांचा पट्टा तसाच लागू आहे. ६८ आणि ७४ हे दोन्ही आकडे एकाच मुलाच्या एकाच क्षमतेचे असू शकतात. म्हणूनच नुसत्या बुद्ध्यंकावर बौद्धिक अक्षमता ठरवत नाहीत. कपडे घालणं, जेवणं, दुकानातून सांगितलेली वस्तू आणणं, रस्ता ओलांडणं, पैसे ओळखणं अशी रोजच्या जगण्यातली कौशल्यं व्हाइनलँड मापनपट्टीवर पाहतात, आणि मानसोपचाराच्या डीएसएम-५ या २०१३ च्या वर्गीकरणाने तर तीव्रतेची पातळी याच कौशल्यांवर ठरवायला सांगितली आहे. तुमच्या मुलाची व्हाइनलँड झालेलीच नसेल तर ती मागा. ती करताना माहिती आईवडील देतात, तेव्हा मूल मदतीशिवाय जेवढं करतं तेवढंच सांगा. कौतुकापोटी वाढवून सांगितलं किंवा प्रमाणपत्रापायी कमी करून सांगितलं, तर पुढचे सगळे निर्णय त्या चुकीवर उभे राहतात.

पुढे कधी चाचणी घ्यावीच लागली, तर आदल्या दिवशी पोहोचा. झोप पूर्ण, पोटभर नाश्ता, चष्मा असेल तर तो बरोबर. सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे ढकला, त्यात कमीपणा नाही. मूल घरी कुठली बोली बोलतं आणि शाळेत कुठली भाषा शिकतं हे फोनवरच सांगा आणि चाचणी त्या भाषेत होणार असेल तरच जा. घरी प्रश्नांची तयारी करून घेऊ नका.

शेवटी तुमच्या मुलाचा प्रश्न, जो तुम्ही पत्राच्या तळाशी लिहिलात : "आये, माझे मार्क कमी पडले काय?" त्याला आजच सांगा की या परीक्षेत पास-नापास नसतं, त्याला चित्रं आणि ठोकळे छान जमतात हे दोन्हीकडच्या लोकांना दिसलं, आणि लिहिणं जड का जातं ते आता आपण शोधतोय. त्याच्यासमोर आकडे बोलू नका, आजोबांनाही तेवढं सांगा. डोळे-कान या महिन्यात, तीन नमुने गणपतीच्या आधी, आणि विशेष तज्ज्ञांची भेट पहिलं सत्र संपायच्या आत उरका. सवलतीचे कागद करायची वेळ आलीच तर दुसऱ्या सत्रात धावपळ होणार नाही.